पुस्तक बाहेर गेलंय

आमच्या वाचनालयात प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी तारखांचा एक कागद चिकटवलेला असतो. नेणाऱ्याचा सभासद क्रमांक आणि पुस्तक परत करायची तारीख, एवढंच त्यावर. रहस्यकथांचे कागद चार-सहा महिन्यांत भरतात. इतिहासाचे वर्षानुवर्षं पुरतात. एका पुस्तकाचा कागद मात्र मी सहा वर्षांत चार वेळा बदलला, आणि चारही कागदांवर वरपासून खालपर्यंत एकच आकडा होता. दोनशे बारा.

दोनशे बारा म्हणजे बटणवाल्या काकू. वाचनालयाच्या मागच्या गल्लीत त्यांचं बटणांचं दुकान. बटणं, हुक, चेन, इलॅस्टिक, दोऱ्याची रिळं. भिंतभर खोके आणि प्रत्येक खोक्याच्या तोंडावर आतल्या बटणाचा एक नमुना शिवलेला. दुपारी दोन ते चार दुकान बंद असायचं. एक मंगळवार सोडून दुसऱ्या मंगळवारी बरोब्बर तीन वाजता काकू जिना चढून यायच्या, कापडी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं ते पुस्तक काढायच्या, मी पुढच्या पंधरा दिवसांचा शिक्का मारायचे, की पुन्हा गुंडाळून पिशवीत. "गर्दी नाही आज," असं त्या म्हणायच्या. "दुपारची नसतेच," असं मी म्हणायचे. सहा वर्षांत आमचं बोलणं याच्यापुढे गेलं नव्हतं.

जायची गरज नव्हती. कारण देवघेवीच्या टेबलावर मी बसते, नव्या पुस्तकांना प्लास्टिकचं कव्हर मीच घालते, आणि कव्हर घालण्याआधी पुस्तक वाचायची मला सवय आहे. हे काकूंनाही ठाऊक होतं.

ते पुस्तक एका खऱ्या खुनाची हकिकत होती. सव्वीस वर्षांची मुलगी, लग्नाला दोन वर्षं झालेली, नवऱ्याने मारली. लेखकाने सगळ्यांची नावं बदलली होती. मुलीच्या आईचा धंदा बदलायचं त्याच्या लक्षात आलं नसावं, किंवा बटणं त्याला आवडली असावीत. सातव्या प्रकरणात तो या आईच्या घरी तीन दुपारी जाऊन बसतो. आई त्याला चहा देते आणि जे कोणालाच सांगितलेलं नाही ते सांगते. मुलगी मरायच्या तीन दिवस आधी हातात बॅग घेऊन दुकानात आली होती. त्या दिवशी वर्षाची मालमोजणी चालली होती. जमिनीवर चादर पसरून हजारो बटणं ओतलेली. आई म्हणाली, "आज नको गं. रविवारी ये, निवांत बोलू." मुलीने अर्धा तास खाली बसून पांढरी आणि मोतिया बटणं वेगळी करून दिली आणि बॅग घेऊन परत गेली. रविवार आलाच नाही. प्रकरणाच्या शेवटी लेखक म्हणतो, त्या दिवशी मोजणी चुकली नाही, एवढंच काय ते या आईच्या पदरात आहे.

वाक्य चांगलं जमलंय. वाचताना मलाही तसंच वाटलं होतं, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

ते पुस्तक आमच्याकडे आलं तेव्हा काकूंना या गल्लीत दुकान मांडून महिनाही झाला नव्हता. जुनी जागा सोडून कोणी ओळखत नाही अशा ठिकाणी त्या आल्या होत्या. मी सोमवारी पुस्तक वाचून संपवलं. मंगळवारी त्या आल्या, सभासद झाल्या आणि अजून कपाटातही न गेलेलं ते पुस्तक नाव घेऊन मागितलं.

"कव्हर घालायचं राहिलंय," मी म्हटलं.

"तसंच चालेल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. मग मी शिक्का मारला. तेव्हापासून ते पुस्तक आमच्या कपाटात एक दिवसही उभं राहिलेलं नाही.

नियमाने हे चालतं. दुसऱ्या कोणी मागणी-चिठ्ठी भरली नसेल तर कितीही वेळा पुस्तक पुढे वाढवून मिळतं. एक जरी चिठ्ठी आली तरी परत करावं लागतं. म्हणजे काकूंचं या गल्लीतलं सगळं जगणं, लोकांनी "काकू, जरा ही छटा जुळवून द्या" एवढंच म्हणणं, एका न भरलेल्या चिठ्ठीवर उभं होतं.

आता शनिवारच्या बैठकीविषयी सांगते.

दर शनिवारी चार वाजता आमच्या वाचनाच्या खोलीत चौघे जण जमायचे. इतिहासवाले मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले. इस्पितळातल्या सिस्टर, त्यांना रहस्यकथा लागायच्या. नाक्यावरचे चष्मेवाले, ते फक्त खऱ्या गुन्ह्यांचं वाचायचे. आणि मास्तरांची धाकटी बहीण, ती यांचं भांडण ऐकायला यायची. प्रत्येकाने एक पुस्तक सुचवायचं, शेवट सांगायचा नाही, आणि शिफारस चिठ्ठीवर लिहून फळ्याला टाचायची.

"दिवसभर खरी मेलेली माणसं बघते मी," सिस्टर म्हणायच्या. "संध्याकाळी खोटी मेलेली बरी वाटतात. त्यांचे कागद नाही भरावे लागत."

"तुमचा एक माणूस मरायला तीनशे पानं घेतो," मास्तर म्हणायचे. "माझ्याकडे एका ओळीत चाळीस हजार."

"मला आपलं घडलेलंच लागतं," चष्मेवाले म्हणायचे. "मनाने रचलेलं ऐकायचं असेल तर आमची ही माहेरी फोनवर काय सांगते ते पुरे आहे."

चष्मेवाले माणूस वाईट नव्हेत. लहान मुलांना चष्मा पहिल्यांदा लागला की त्यांना आरशासमोर उभं करून "आता तू प्रोफेसर दिसतोस" म्हणणारे. पण वाचनाचा वेग भयंकर. तीन वर्षांपूर्वी माझ्या ध्यानात आलं, की आमचं खऱ्या गुन्ह्यांचं कपाट ते वरून शेवटच्या खणापर्यंत संपवत आले आहेत. कपाट संपलं की माणूस यादी बघतो. यादीत ते पुस्तक होतंच.

मग मी त्यांना पुस्तकं पुरवायला लागले.

सकाळी देवापुढे दिवा लावायचा, पोथीचं एक पान वाचायचं, आणि दुपारी टेबलावर बसून विषप्रयोग वाचायचे. देवाने ते कोणत्या खात्यात धरलं असेल त्यालाच माहीत. दुसऱ्या वाचनालयांतून अदलाबदलीने मी पुस्तकं मागवली. कार्यवाहांना सांगून जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यांतून निवडून आणली. प्रत्येक पुस्तक आधी स्वतः वाचलं, कारण नुसतं पुरवून भागणार नव्हतं, ते इतकं चांगलं असायला हवं होतं की चष्मेवाल्यांना यादी उघडायची आठवणच होऊ नये. बोटीवरच्या स्वयंपाक्याचं. बनावट मृत्युपत्रांचं. दोन जुळ्या बहिणी आणि एक न्यायाधीश, ते. "बाई, कुठून शोधून काढता हो तुम्ही?" असं ते म्हणायचे आणि शनिवारी फळ्यावर लिहायचे: बाईंनी सुचवलेलं. हळूहळू सिस्टरही विचारायला लागल्या. मास्तरांना मी वेढ्यांचे आणि तहांचे ग्रंथ शोधून दिले. तिसऱ्या वर्षी फळ्यावरच्या निम्म्या चिठ्ठ्या माझ्या नावाच्या होत्या. कधी नव्हे तो लोकांचा माझ्या शब्दावर विश्वास बसला होता, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागलं होतं.

माझं एक व्रत आहे. आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा मी तिला रोज सांगत होते, "आज रंग बरा दिसतोय तुझा." ती शेवटच्या दिवशी म्हणाली, "तू एकदा तरी खरं बोलली असतीस तर मला काही बोलून घेता आलं असतं." तेव्हापासून दिवसभरात जाणूनबुजून खोटं बोलायचं नाही असं मी धरलंय. बोलले तर दुसऱ्या दिवशी अन्न घ्यायचं नाही. वाचनालयात सगळ्यांना हे माहीत आहे. कार्यवाह चेष्टा करतात, "बाईंना विचारू नका हो जेवण कसं झालंय, घरी वाद व्हायचे."

बैठकीला चार वर्षं झाली त्या शनिवारी सिस्टरांनी केक आणला होता. चष्मेवाले म्हणाले, "आज नियम बदलायचा. आज आपण सुचवायचं नाही. आज फक्त बाईंनी."

"मी काय सांगणार? सांगत असतेच की."

"तसं नाही. तुम्ही आम्हाला आमच्या आवडीचं देता. आम्हाला तुमचं हवंय. आजवर वाचलेल्यातलं तुम्हाला सगळ्यात खरं वाटलेलं पुस्तक कोणतं? एकच. आणि तुम्हाला खोटं बोलता येत नाही, हे आम्ही लक्षात ठेवलंय."

सगळे हसले. मी केकचा तुकडा हातात धरून उभी होते.

त्या क्षणी काय काय करता आलं असतं, ते नंतर मी इतक्यांदा मनात उगाळलंय की आता त्याला धार उरलेली नाही. दुसरं नाव घ्यायचं आणि एक दिवस उपाशी राहायचं. इतकं सोपं होतं. पण माझ्या मनात आलं ते वेगळंच. मला वाटलं, खरंही बोलता येईल आणि दारही लावता येईल. माझं व्रतही राहील, काकूंचं गुपितही राहील.

"ते पुस्तक बाहेर गेलंय," मी म्हटलं. "मिळायचं नाही."

"बाहेर गेलंय म्हणजे आपल्याकडे आहे तर," सिस्टर म्हणाल्या.

बाहेर गेलेल्या पुस्तकांची कार्डं टेबलाच्या पहिल्या खणात असतात. त्या शनिवारी खऱ्या गुन्ह्यांच्या गठ्ठ्यात सहाच कार्डं होती आणि पाच चष्मेवाल्यांच्याच नावावर. सगळ्यात खरं म्हणजे घडलेलंच असणार, असं म्हणून सिस्टरांनी सहावं काढलं. "अगं बाई. दोनशे बारा, दोनशे बारा, दोनशे बारा. हा माणूस पुस्तक वाचतोय की पाठ करतोय?"

"सहा वर्षं," चष्मेवाले तारखा बघत म्हणाले. "सहा वर्षं कोणी सोडत नाही, आणि बाई म्हणतात सगळ्यात खरं. काय असेल हो हे."

"दोनशे बारा कोण?" मास्तरांनी विचारलं.

"सभासदाचं नाव सांगायचा नियम नाही," मी म्हटलं. हेही खरंच होतं.

त्यांना थांबवायचं तर कारण सांगावं लागणार होतं, आणि जे कळू नये म्हणून थांबवायचं तेच ते कारण. चौघांनी चार मागणी-चिठ्ठ्या भरल्या. मास्तरांच्या बहिणीनेसुद्धा भरली, जिने आजवर एकही पुस्तक नेलं नव्हतं.

सोमवारी दुपारी दुकान बंद असताना मी काकूंकडे गेले. त्यांनी अर्धं शटर वर केलं, मी वाकून आत गेले. त्या जेवत होत्या. ताट बाजूला सारून त्यांनी माझ्यासाठी स्टूल पुसलं.

"मंगळवार उद्या आहे," त्या म्हणाल्या.

"चार चिठ्ठ्या आल्यात काकू."

त्यांनी ताटावर दुसरं ताट पालथं घातलं.

"कोणाच्या?"

सभासदाचं नाव सांगायचा नियम नाही. मी सांगितलं. चष्मेवाल्यांचं नाव ऐकून त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि हातात धरून बघितला, जणू तो करून देणाऱ्याला परत करायचा होता.

"माझ्यामुळे झालं," मी म्हणाले आणि शनिवारचं सगळं सांगितलं. केकसकट.

"पुस्तक हरवलं म्हणून सांगा," मी म्हटलं. "मी तसं लिहून घेते."

"तुमचं ते व्रत आहे ना?"

"असू दे."

"हरवलं तर नवीन आणता तुम्ही. तोही नियम आहे. आत्ता निदान एकच प्रत आहे, आणि ती माझ्याकडे आहे. नवीन आणलं की ते माझ्याकडे नसणार."

"पान फाटलेलं असलं तर? मी तपासताना..."

"सातवं प्रकरण सोळा पानांचं आहे बाई. आणि चष्मेवाले विकत घेतील की. एवढी ओढ लागल्यावर कोणी थांबतं का?" त्यांचा आवाज वर चढला नाही. "मीच बोलले त्या लिहिणाऱ्याशी. तीन दिवस बोलले. त्याने वही बाजूला ठेवली होती, म्हणून मला वाटलं, लिहीत नाहीये."

बाहेर कोणीतरी शटरवर टकटक केली, "काकू, चार वाजता उघडाल ना?" म्हणून विचारलं. काकू "हो" म्हणाल्या.

"लोक विसरतील का हो?" त्यांनी मला विचारलं. "वाचतील, बोलतील, मग विसरतील?"

कोणीही "हो" म्हटलं असतं. तोंडात आलेला तो शब्द मी तसाच धरून बसले आणि तो बाहेर पडला नाही. शनिवारी जे करायला हवं होतं ते आता तरी करावं, एवढीही अक्कल माझ्या जिभेला झाली नाही. अकरा वर्षांची सवय. काकूंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मान हलवली, समजल्यासारखी.

"उद्या आणून देते," त्या म्हणाल्या.

मंगळवारी तीन वाजता त्यांनी पुस्तक टेबलावर ठेवलं. वर्तमानपत्र काढून घडी करून पिशवीत ठेवलं. परत आलेलं पुस्तक पानं उलटून तपासावं लागतं. त्या गेल्यावर मी ते केलं. एकशे चौदाव्या पानाशी बोट अडलं. जिथे आई म्हणते "रविवारी ये", त्या ओळीच्या बाजूचा समास खोडरबराने घासून घासून पातळ झाला होता, इतका की खालच्या पानावरची अक्षरं दिसत होती. पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं, खोडलेलं, परत लिहिलेलं. तिरपं धरून पाहिलं तर एकच शब्द लागला, "बस". 'बस, जेवून घे' असेल, की 'बस ना गं', की दुसरंच काही, सांगता येत नाही. मी नोंदवहीत लिहिलं: पान ११४, समासात खोडल्याच्या खुणा.

चष्मेवाल्यांनी चार दिवसांत पुस्तक संपवलं. शनिवारी ते आले तेव्हा हातातली चिठ्ठी कोरी होती.

"काय हो, आवडलं नाही?" सिस्टरांनी विचारलं. "की बाईंचा पहिल्यांदाच नेम चुकला?"

"बटणांचं दुकान आहे त्यात," ते म्हणाले. "खोक्यांवर नमुने शिवलेले."

सिस्टर आधी हसल्या. मग त्यांचा चेहरा उतरला. मास्तरांची बहीण म्हणाली, "आपल्या काकू?" आणि तिच्या भावाने तिला खुणेने गप्प केलं, पण आता ते काही उपयोगाचं नव्हतं.

"दर वर्षी नंबर वाढतोय त्यांचा," चष्मेवाले म्हणाले. "मी चेष्टा करायचो. काकू, बारीक अक्षरातलं एवढं काय वाचता, प्रेमपत्रं आहेत का म्हणून." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुम्ही मला सांगायला हवं होतंत."

"काय सांगणार होते?"

त्यांनी कोरी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाले, "मी जाऊन भेटतो त्यांना. त्यांना कोणीतरी सांगायला हवं की त्यांची काही चूक नव्हती."

"नका जाऊ," मी म्हटलं. "हात जोडते. काहीच माहीत नसल्यासारखे राहा सगळे."

"तुम्हीच असं म्हणता? मला तसं नाटक नाही जमायचं."

माझंच व्रत त्यांनी मला परत दिलं. त्यात खोट काढायला मला जागा नव्हती.

ते सोमवारी सकाळी अकराला गेले. अकरा ही दुकानाची ऐन गर्दीची वेळ. दोन शिंपी, गणवेशाची बटणं घ्यायला आलेल्या तीन-चार आया, आणि सिस्टरांच्या शेजारची एक बाई, तिच्याकडूनच मला पुढचं कळलं. चष्मेवाले आत शिरले, काकूंसमोर उभे राहिले आणि हात जोडून सगळ्यांदेखत म्हणाले, "काकू, मी वाचलं. तुमचा काही दोष नाही त्यात. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं म्हणे. काकू एका आईला शर्टाची आठ बटणं देत होत्या. त्यांनी ती परत खोक्यात टाकली, परत पहिल्यापासून आठ काढली आणि पुडी बांधली. चष्मेवाल्यांना त्या म्हणाल्या, "बरं." ते गेल्यावर गणवेशवाल्या आयांनी एकमेकींना विचारलं, काय वाचलं यांनी?

बुधवारपर्यंत सतरा चिठ्ठ्या आल्या. दहाच्या वर चिठ्ठ्या गेल्या की दुसरी प्रत घ्यायचा ठराव आहे. कार्यवाह खुशीत होते. "बाई, तुमच्या शिफारशीला तोड नाही. खऱ्या गुन्ह्यांच्या कपाटाला असा उठाव कधी नव्हता." त्यांनी दोन प्रती मागवल्या. मी त्यांना कव्हरं घातली. या खेपेला वाचलं नाही.

मग लोक दुकानात जायला लागले. कोणी वाईट बोललं असेल असं मला वाटत नाही. आमच्याकडचे लोक तसे नाहीत. नुसते जायचे, एखादंच बटण मागायचे, ते कुठल्या खोक्यातून काढतात ते बघायचे, जमिनीकडे बघायचे. एक जण म्हणाला, "चादर इथेच पसरायचात का?" ते दुकान हे नव्हेच, हे त्याला कोणी सांगितलं नाही. कोणी म्हणायची, "मीही आई आहे काकू, मला समजतं." चष्मेवाले रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी जाऊन काही हवं-नको विचारायचे. नवा चष्मा करून दिला, तो काकूंनी लावला नाही.

शनिवारची बैठक आपोआप बंद झाली. कोणी बंद करू या म्हणालं नाही. सिस्टर एकदा येऊन पुस्तक बदलून गेल्या, फळ्याकडे न बघता.

त्यानंतरच्या दुसऱ्या मंगळवारी तीन वाजता जिन्यावर पावलं वाजली. काकू आल्या. हातात तीच कापडी पिशवी, रिकामी. नेहमीसारख्या टेबलापाशी उभ्या राहिल्या. मी हातात तारखेचा शिक्का घेऊन बसले होते, सकाळी सवयीने पुढच्या पंधरवड्याची तारीख फिरवून ठेवलेली.

"गर्दी नाही आज," त्या म्हणाल्या.

"दुपारची नसतेच."

"मला काहीतरी वाचायला द्या," त्या म्हणाल्या. "सहा वर्षांत दुसरं काही वाचलंच नाही मी. तुम्ही सगळ्यांना सुचवता. मला एक सुचवा. ज्यात कोणी मरत नाही असं."

मी उठले. रहस्यकथांच्या कपाटापुढून नुसती पुढे गेले. खऱ्या गुन्ह्यांचं कपाट तिकडेच होतं, त्याच्या दुसऱ्या खणात तिन्ही जागा रिकाम्या होत्या, तिन्ही प्रती बाहेर होत्या. इतिहासाशी थांबले. कालव्याच्या बांधकामाचा एक ग्रंथ मला आवडला होता, तो हातात घेतला आणि आठवलं, नवव्याच पानावर दोनशे मजूर दरडीखाली जातात. पुलांचा इतिहास, त्यात पूल पडतो. नकाशे काढणाऱ्याचं चरित्र फार हळुवार होतं, पण तो शेवटी बर्फात गोठतो आणि त्याच्या आईला पत्र येतं. तीन वर्षं मी दुसऱ्यांसाठी एवढं वाचलं. पुस्तकामागून पुस्तक डोळ्यांपुढे आणलं आणि प्रत्येकात कोणीतरी जमिनीवर पडलेलं होतं.

काकू वाचनाच्या खोलीतल्या बाकावर बसल्या होत्या. मी रिकाम्या हाताने परत आले.

"आठवत नाहीये," मी म्हणाले.

"एखादं तरी असेल."

मी पुन्हा कपाटांकडे पाहिलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "घाई नाही. सापडलं की सांगा." पिशवीची चौघडी करून त्यांनी टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवली, जशी सभासद पुस्तक राखून ठेवायला चिठ्ठी ठेवतात तशी. मग चारपर्यंत त्या तिथेच बसून राहिल्या. चारला दुकान उघडायची वेळ. त्या उठल्या आणि जिना उतरल्या.

त्या दिवशी दुकान उघडलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवड्याने सिस्टर म्हणाल्या की पहाटे टेम्पो आला होता, खोके भरून गेले. कुठे, ते कोणाला माहीत नाही. चष्मेवाल्यांनी बरीच चौकशी केली. मी त्यांना म्हटलं, नका करू. या वेळी त्यांनी ऐकलं.

पुस्तकाच्या तिन्ही प्रती आता कपाटात असतात. सगळ्यांचं वाचून झालंय. जुन्या प्रतीतल्या एकशे चौदाव्या पानाला कोणीतरी घासून घासून भोक पाडलंय, बहुधा काय लिहिलं होतं ते बघायच्या नादात. मी नोंद केली आहे.

पिशवी माझ्या टेबलाच्या खणात आहे. सकाळी पोथीचं पान झालं की मी दुपारी वाचायला बसते, अजूनही. पुस्तक सापडलं तरी पाठवणार कुठे, हे मला कळत नाही असं नाही. पण काकूंनी मागणी केलेली आहे, आणि मागणी खोडायची तर सभासदाने येऊन सही करावी लागते. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचल्याशिवाय खात्री देता येत नाही, म्हणून सगळं वाचते. परवा एक सापडलंसं वाटलं. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका घराण्याचा इतिहास, संथ, साधा, चांगला लिहिलेला. एकशे नव्वद पानांपर्यंत सगळे होते.